मदत हवी आहे : पक्ष्यांच्या वर्गीकरणात करिअर

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. माझी भाची बारावी सायन्सला आहे. घरामागच्या सुरूवर काकणाचं (समुद्री गरुडाचं) घरटं आहे. त्याखाली पडलेले समुद्री सापांचे मणके गोळा करून हिने बिस्किटांच्या डब्यात तारखेसकट ठेवलेत. (ताईने तो डबा दोनदा उकिरड्यावर टाकला, हिने दोनदा आणला.)

आता म्हणते, पक्ष्यांची उत्क्रांती आणि वर्गीकरण शिकायचंय. ससाणा डीएनएवरून गरुडापेक्षा पोपटाच्या जवळचा निघाला, हे तिने वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही. 2017 मध्ये पश्चिम घाटातल्या शोला जंगलांमधल्या पक्ष्यांसाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला या दोन नव्या प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचे गट) ठरल्या, तेव्हा काम संपलेलं नाही हे मलाही पटतं. भावोजींचं एकच, “पक्षी बघून पोट भरतं काय?”

बीएस्सी झूलॉजी रत्नागिरीत करून पुढे डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रात एमएस्सीला जाता येतं, एवढं कळलं. पण या कामात आता जनुकं आणि कॉम्प्युटरही लागतात. मग पदवीला बायोटेक बरं की झूलॉजी? मुंबईच्या बीएनएचएसमधला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह पदवीच्या मुलांना अभ्यासायला मिळतो का? आणि पीएचडीनंतर नोकरी खरोखर कुठे लागते?

या क्षेत्रातलं कोणी असेल तर स्पष्ट सांगा, गोड नको. शक्यतो मे महिन्याच्या आत, भावोजी फॉर्म भरायला बसायच्या आधी.