मदत हवी आहे: हँडहेल्ड पीसीवर (हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर) खेळताना करंगळी बधिर होते, कोणती ग्रिप घ्यावी?

केळीबाग_गेमर (जळगाव)
अर्ध्या तासात उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मुंग्या येतात, मग ट्रिगर किती दाबला तेच कळत नाही. ग्रिप लावायची आहे. सिलिकॉनचं कव्हर घेऊ की थ्रीडी प्रिंटवाली जाड ग्रिप? आज रात्रीच ऑर्डर टाकायची आहे, पटकन सांगा. खेळणं कमी करा असे सल्ले नकोत.

सातपुडा७७ (चोपडा)
भाऊ, पहिले मशीन कोणतं शे ते तर सांग. ६०८ ग्रॅमचा आरओजी अलाय आणि ८५४ ग्रॅमचा लीजन गो, दोघांना एकच उत्तर कसं देणार? बसून खेळतोस की पडून? बधिरपणा एकाच हाताला की दोन्हींना?

डेकवाला (धुळे)
ग्रिपचा नाद सोडा आणि स्टीम डेक ओलेड घ्या. ६४० ग्रॅम. मुठीत येणारा भाग खोल आणि गोल आहे, त्यामुळे तळवा भरतो आणि बोटं आपोआप वळतात. मागे चार बटणं आहेत. धावणं आणि उडी त्यांच्यावर टाकली की उजवा अंगठा स्टिकवरून उचलावाच लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ते याच उचलठेवीमुळे.

सातपुडा७७ (चोपडा)
अंगठ्याबद्दल कोणी विचारलेलंच नाही. करंगळीची नस वेगळी, अंगठ्याची वेगळी. आणि त्याने नवं मशीनही मागितलेलं नाही.

केळीबाग_गेमर (जळगाव)
८.८ इंची स्क्रीनवाला, कंट्रोलर सुटे होतात तो. उजव्या हाताला जास्त. आता ग्रिप सांगा.

तापीकाठ (भुसावळ)
म्हणजे लीजन गो. ग्रिपचं आधी सांगतो, कारण तेच विचारलं आहे. सिलिकॉनचं कव्हर हात घसरू देत नाही, पण जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरने वाढवतं. हाताचा आकार तोच राहतो. जाड ग्रिपमुळे तळवा भरतो आणि करंगळी मशीनच्या खाली फळीसारखी न राहता मुठीत वळते. तो फायदा खरा आहे. पण वजन वाढतं आणि बहुतेक जाड ग्रिप लावल्यावर कंट्रोलर सहज सुटत नाहीत. याच मशीनची सगळ्यात कामाची सोय त्यात जाते.

मात्र करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू एवढंच बधिर होत असेल, तर ती अल्नर नस आहे. ती दोन ठिकाणी दबते: कोपराच्या आतल्या हाडामागे, किंवा मनगटाशी तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्याखाली. कुठे ते घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं. बधिर झालेलं असताना हाताच्या पाठीवर, करंगळीच्या रेषेत, कापसाचा बोळा फिरवा. तिथेही बधिर लागलं तर दाब बहुधा कोपरात, कारण हाताच्या पाठीकडे जाणारी शाखा मनगटाच्या आधीच फुटते. पाठ चांगली आणि फक्त तळवा व बोटं बधिर, तर मनगट. कोपर असेल तर जगातली कोणतीही ग्रिप उपयोगाची नाही.

केळीबाग_गेमर (जळगाव)
हाताच्या पाठीलाही बधिर लागतंय. पण कोपरावर तर काही वजन नसतं! खाटेवर उताणा पडून खेळतो, कोपरं गादीवर टेकलेली असतात.

सातपुडा७७ (चोपडा)
हेच पहिल्या ओळीत हवं होतं. उताणं पडून स्क्रीन डोळ्यांसमोर धरली की कोपर ९० अंशांहून जास्त दुमडतं. नस हाडामागून ताणली जाते, शिवाय गादी तिला खालून दाबते. वर ८५४ ग्रॅम.

केळीबाग_गेमर (जळगाव)
८५४ नाही, जास्त असेल. मागे २०,००० एमएएचची पॉवर बँक वेल्क्रोने लावलेली आहे. आमच्याकडे रात्री लाईट जाते.

तापीकाठ (भुसावळ)
अशी पॉवर बँक ३५० ते ४५० ग्रॅमची असते. सगळं मिळून सव्वा किलो धरा. ती मागे कुठे लावली आहे? हवा आत घ्यायच्या जाळ्या मागेच आहेत, गरम हवा वरून बाहेर पडते. जाळी झाकली गेली तर पंखा ओरडतो, चिप वेग कमी करते आणि मागची बाजू तापते. पॉवर बँकेच्या सेललाही ती उष्णता वाईट. आणि किती वॅटची आहे?

केळीबाग_गेमर (जळगाव)
जाळी अर्धी झाकली जाते. २२.५ वॅट लिहिलंय. लावूनही बॅटरी उतरते, ते का?

तापीकाठ (भुसावळ)
तो २२.५ चा आकडा साधारण मोबाईलच्या खास फास्ट चार्जिंगचा असतो. पीडीवर, म्हणजे यूएसबी-सीच्या पॉवर डिलिव्हरी चार्जिंगवर, तीच बँक १८-२० वॅट देते. चिप १५ वॅटवर ठेवली तरी स्क्रीन, रॅम, पंखा धरून मशीन २० ते २५ खातं. ६५ वॅट पीडी लिहिलेली घ्या, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. केबल सी टू सी, एक मीटरची. बँक उशीशेजारी ठेवा, मशीनवर नको.

डेकवाला (धुळे)
२०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. १०० च्या आत आहे, विमानात केबिन बॅगेत चालते. चेक-इन सामानात मात्र टाकू नका.

सातपुडा७७ (चोपडा)
तो खाटेवरून उठत नाही आणि तुम्ही त्याला विमानात बसवताय. केळीबाग, हे कर. कंट्रोलर दोन्ही सोडव, उरलेलं ६४० ग्रॅमचं मशीन मागच्या स्टँडवर उभं कर. घरातला पाट किंवा चौरंग काढ, त्यावर ठेव, पाठीला तक्क्या देऊन बस. एकेका हातात फक्त शंभरेक ग्रॅमचा कंट्रोलर राहतो. हात मांडीवर सैल सोड. कोपर जितकं सरळ राहील तितकं चांगलं. चार्जिंगची पिन वरच्या पोर्टला लाव, स्टँडवर उभं असताना खालचं पोर्ट अडतं.

डेकवाला (धुळे)
दीड-दोन फुटांवरून त्या स्क्रीनवरचं लिखाण वाचता येणार नाही. वाकून मान धरेल.

सातपुडा७७ (चोपडा)
येईल. गेमचं रिझोल्यूशन १२८० बाय ८०० कर. पॅनल २५६० बाय १६०० चा आहे, म्हणजे दोन्हीकडून बरोबर निम्मं. त्यामुळे इंटिजर स्केलिंग (एका ठिपक्याचे नेमके चार करणारी सेटिंग) चालू केलं की चित्र धूसर होत नाही. विंडोजचं स्केलिंग २०० टक्के आणि गेममधली सबटायटल मोठी. चौरंग बुटका वाटला तर खाली दोन जाड वह्या. स्क्रीनची वरची कड हनुवटीच्या आसपास आली की मान वाकत नाही.

रावेरचा_मेकॅनिक (रावेर)
मे महिन्यात खाटेवर खेळताय तर कूलरसमोरच ठेवा मशीन. थंड हवेत चिप वेग सोडत नाही.

तापीकाठ (भुसावळ)
थेट समोर अजिबात नको. खोलीतली हवा ४२ ची ३० वर आली तर चिपलाही जवळपास तेवढाच फायदा होतो, हे बरोबर. पण आपल्याकडे कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं. बारीक थेंब उडतात, ते सुकले की पांढरे क्षार पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसतात, वर धूळ चिकटते. सहा-सात फूट लांब, तिरपं ठेवा. खिडकी उघडी हवी, नाहीतर कूलर नुसती दमट हवा फिरवत राहतो. आणि मशीनच्या लीजन स्पेस ॲपमध्ये कस्टम १५ वॅट लावा. ३० वॅटवर उष्णता दुप्पट होते, फ्रेम मात्र दुप्पट होत नाहीत.

रावेरचा_मेकॅनिक (रावेर)
खसाचं गवत नवीन असेल तर थेंब उडत नाहीत.

तापीकाठ (भुसावळ)
पंपाचं पाणी कमी केलं तर. पूर्ण सोडलं की नवीन गवतातूनही उडतात.

केळीबाग_गेमर (जळगाव)
चौरंग मांडला, कंट्रोलर सोडवले. पाऊण तास झाला, मुंग्या नाहीत. पण झोपून खेळायचंच असेल तर?

तापीकाठ (भुसावळ)
कुशीवर, आणि वरचाच हात वापरायचा अशी वेळ येते, म्हणजे जमत नाही. पाठीमागे दोन उशा घेऊन अर्धवट बसा, कोपराखाली मऊ घडी, टोक हवेत राहील अशी. रात्री झोपेत हात दुमडून उशीखाली जात असेल तर कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळा. हात पूर्ण दुमडणार नाही. दोन-तीन आठवडे असं करूनही बधिरपणा राहिला, किंवा चिमटीत कागद धरताना जोर कमी वाटला, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ते नसेच्या वेगाची तपासणी सांगतील. जोर जायला लागला तर तीन आठवड्यांची वाट बघू नका, लगेच जा.

केळीबाग_गेमर (जळगाव)
ठीक. ग्रिप कॅन्सल, ६५ वॅटची बँक टाकतो. केबलची पिन सरळ घेऊ की काटकोनातली?

सातपुडा७७ (चोपडा)
काटकोनातली. तोंड मागच्या बाजूला वळेल अशी बघ. वरून गरम हवा निघते, केबल त्या जाळीवर आडवी पडू देऊ नकोस.