ऊन, उकाडा, तलखी, काहिली: तुमच्याकडे कधी काय म्हणतात? (अनुभव धागा)

हवामान खात्याचं बरं आहे. सपाटीवर पारा किमान 40, किनाऱ्यावर 37, आणि वर सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, की झाली जाहीर उष्णतेची लाट. आम्ही पुणेकर मात्र मार्चपासून जूनपर्यंत एकटा 'उकाडा' राबवतो. खरं तर ऊन रणरणतं, माळ रखरखतो, हवा गदमदते, दुपार टळटळीत असते. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, बसत नाही. टळटळीत संध्याकाळ कोणी ऐकली आहे का? तुमच्या गावात, तुमच्या कामात कोणता शब्द नेमका केव्हा निघतो, ते लिहा. पन्ह्याच्या पाककृती कृपया इथे नकोत.

संत्रीवाला, नागपूर
मे महिन्यात आमच्याकडे कोणी 'उकडतंय' म्हणत नाही. 'लय तपून राह्यलं' म्हणतात. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, आला तसा उडतो. शर्ट कोरडा आणि पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता. त्या दिवसांत गाडीच्या सीटवर ओलं फडकं टाकून निघायचो, घरी पोचेपर्यंत त्याचा पापड झालेला असायचा.

कोरडेपणाचा फायदा एवढाच की कूलर चालतो. मृगाच्या आगेमागे ढग येतात, पारा पाच-सहा अंशांनी उतरतो, आणि कूलरची हवा अंगाला चिकटायला लागते, कारण पाणी उडेल तर गारवा येईल ना. 'उकाडा' आम्ही तेव्हासाठी राखून ठेवलाय. पारा खाली आणि कुरकुर वर!

आणि नवतपा कसा विसरू? 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस. आमच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवसही 26 मेच्या आसपासच येतो, म्हणजे म्हाताऱ्यांचं पंचांग अगदीच हवेत नव्हतं. आजी म्हणायची, 'नवतप्यात बाहीर निंघू नोको', आणि तरी निघालोच तर खिशात कांदा कोंबायची. कांदा खिशातच राहायचा, कामाला यायचा तो डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा.

अढीतला आंबा, रत्नागिरी
47 वगैरे आकडे वाचून हसू नका, आमचा जीव 34 लाच जातो. आमच्याकडे पहिलं वाक्य उन्हाचं नसतंच. 'वारा पडलाय' म्हणतात. पान हलत नाही, पंख्याखाली बसून अंग निथळतं, दोरीवरचे कपडे संध्याकाळीही दमटच. 'गदमदतंय' त्याच्या पुढचं: वर मळभ, समुद्राकडून काही नाही, आणि पाऊस पडेल असं सगळे चार दिवस म्हणतायत.

अजून एक शब्द देतो, उबारा. आंब्याच्या अढीत पेंढ्याखाली हात घातलात की लागतो तो. उन्हाशी त्याचा संबंध नाही, पिकताना फळच तापतं. उबारा बरोबर असेल तर आंबा रंगतो, कोंडला तर कुजतो. काढलेला आंबा उन्हात ठेवला तर मात्र 'भाजतो', आणि आत साका, म्हणजे पांढरट बेचव गर, निघाला की गिऱ्हाईक आपल्यालाच भाजतं.

सात-वीसची स्लो
मुंबईत तीन पायऱ्या: उकाडा, घुसमट, आणि दादरला डब्यात शिरल्यावर जे होतं ते. तिसऱ्याला सभ्य शब्द नाही. बाकी ऑक्टोबर हीटला मराठीत काही आहे का?

केळीचं पान, जळगाव जिल्हा
@सात-वीसची स्लो, आमच्याकडे जुनी माणसं 'भादव्याचं ऊन' म्हणतात. पाऊस सरत आलेला, आभाळ धुतलेलं, जमीन ओली. वरून चटका आणि खालून वाफ. तुमची ऑक्टोबर हीट हे त्याचंच पुढचं पान.

आमचं खरं दुखणं 'झळा'. ऊन वरून येतं, झळ आडवी येते. एप्रिल-मेमध्ये उष्ण वारा सुटला की केळीची पानं फाटून चिंध्या होतात, कडा करपतात, आणि तयार होत आलेला घड दांड्यातून सटकतो. त्यासाठी बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात. नुसत्या उन्हाला पाणी हे उत्तर आहे, झळांना आडोसाच लागतो. शेतकरी 'ऊन फार आहे' म्हणतोय की 'झळा सुटल्यात', यावर पुढचं काम ठरतं.

चुलवाण
कोल्हापूरकडून भर. झळेची थोरली बहीण धग. ती जाळाची असते आणि जागा सोडत नाही. गुऱ्हाळावर काहिलीत (शीर्षकातली काहिली नव्हे, रसाची मोठी कढई) रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली. दहा पावलांवर डिसेंबरची थंडी आणि तोंडाजवळ भुवया जाळणारी धग. उन्हाला धग म्हणतात, पण तेव्हा जमीन, भिंत किंवा पत्रा मनात असतो. रात्री दहाला गच्चीची फरशी पायाला सांगते ती धग.

ड्युटी नाइटची (परिचारिका)
आमच्याकडे येणारे शब्द शरीरातले. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला आग. 'घोळणा फुटला' म्हणजे नाकातून रक्त. हे दोन्ही तरुण डॉक्टरांना समजावून सांगावे लागतात. पण सगळ्यात फसवा शब्द 'ऊन लागलंय'. डोकं दुखलं तरी तोच, माणूस शुद्ध हरपायला आला तरी तोच. म्हणून मी नातेवाइकांना लगेच विचारते, बरळतोय का? ओळखतोय का? अंग तापून 40 च्या वर आणि बोलणं असंबद्ध, तर तो उष्माघात. तिथे सरबत तोंडात ओतत बसायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, आणि त्याच वेळी कोणीतरी 108 ला फोन लावा.

वाळूतला कोकणी, अबू धाबी
इथे रत्नागिरी आणि नागपूर एकत्र नांदतात. ऑगस्टमध्ये रात्री दार उघडून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. आमच्या साइटवर मराठी पोरं त्या वेळेला 'टळटळीची सुट्टी' म्हणतात. हा शब्द शब्दकोशात घाला.

दगडी वाडा, सोलापूर
एवढं सगळं लिहिलंत आणि शीर्षकातली तलखी कोणालाच आठवली नाही? कितीही पाणी प्या, घशाचा शोष जात नाही, कूस बदलत राहता, ती तलखी. तगमग वेगळी, तिला ऊन लागत नाही. निकालाच्या आदल्या रात्री होते ती तगमग.

सात-वीसची स्लो
निकाल पण मेमध्येच लागतो की हो.

दगडी वाडा, सोलापूर
मग त्या रात्री दोन्ही. शिवाय लाइट जाते.