लॅब्रॅडॉर-कारवान संकर कुत्र्याच्या फासळ्या दिसतात, हा अशक्तपणा समजावा का?

प्रश्न : जुळे सोलापूरकर

आमच्या घरी दीड वर्षाचा नर कुत्रा आहे. त्याची आई लॅब्रॅडॉर होती आणि बाप मंगळवेढ्याकडील एका वस्तीवरचा कारवान, म्हणजे सडपातळ शिकारी जातीचा कुत्रा, होता, असे पिल्लू देणाऱ्यांनी सांगितले. रुंद डोके, लोंबते कान आणि फिकट पिवळा रंग आईवरून आला आहे. मात्र छाती खोल, कंबर बारीक आणि पाय लांबसडक आहेत. शेवटच्या तीन फासळ्या स्पष्ट दिसत असल्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा, याला तुम्ही खायला घालता की नाही, असे विचारतो. दोन वेळा ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, रोज एक अंडे आणि अधूनमधून उकडलेली कोंबडी असा त्याचा आहार आहे. त्याची नसबंदी करावयाची आहे, परंतु शिकारी कुत्र्यांना भूल सोसत नाही असे ऐकल्यामुळे मन धजावत नाही. शिवाय औषध लावूनही गोचिडी पुन्हा होतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : अक्कलकोट रस्ता

आमच्या शेतावर कारवान पिढ्यानपिढ्या आहेत. मुधोळ, विजापूर आणि आपल्या जिल्ह्याचा हा पट्टा या कुत्र्यांचे घरच आहे. टपाल खात्याने 2005 मध्ये भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ हाउंड, म्हणजे हाच कारवान, होता. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या या कुत्र्याच्या अंगावर चरबी जेमतेमच असते. तेव्हा शेवटच्या फासळ्या दिसणे हे या रक्ताचे लक्षण आहे, उपासमारीचे नव्हे. कण्याचे मणके आणि माकडहाड वर आलेले दिसू लागले, मांड्यांचे स्नायू ओसरले किंवा तो खेळेनासा झाला, तर मात्र काळजी करावी. एक सूचना आवर्जून करतो : मांजर किंवा ससा दिसल्यावर तो हाक ऐकेल अशी अपेक्षा ठेवू नका. होटगी रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यालगत त्याला पट्ट्याशिवाय सोडणे धोक्याचे आहे. यांची मान डोक्याच्या मानाने जाड असल्यामुळे साधा गळपट्टा निसटतो. छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा.

उत्तर : पशुवैद्यक, सात रस्ता परिसर

वरील उत्तर बरोबर आहे, फक्त त्यात आईची बाजू राहून गेली. लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागल्याची जाणीव कमी करणारा एक जनुकीय बदल आढळतो. पीओएमसी जनुकातील या बदलाविषयीचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये तो असल्याचे त्यात दिसले. आपल्या कुत्र्यात तो उतरला आहे की नाही हे नुसते पाहून सांगता येत नाही. पण पाहुण्यांच्या शब्दाखातर भाकरी वाढवत नेली, तर बापाच्या बारीक हाडांवर आईचे वजन चढेल. फासळ्यांवरून तळहात फिरवावा : हलक्या स्पर्शाने त्या मोजता आल्या आणि वरून पाहता कंबर दिसली, तर वजन योग्य आहे.

आहारात भाकरी चालेल, पण ती पोटभरीपुरती. प्रथिनांचा वाटा वाढवावा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते, म्हणून घरचाच आहार कायम द्यायचा असल्यास कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती तुकडे होऊन आतड्यात रुततात. आपल्या ताटातली शेंगा चटणी तर मुळीच नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

भुलीविषयीची भीती अर्धी खरी आहे. थायोपेंटोनसारख्या औषधांचा असर चरबी कमी असलेल्या शिकारी कुत्र्यांत फार वेळ रेंगाळतो आणि शस्त्रक्रियेदरम्यान त्यांचे अंग लवकर गार पडते. आज त्याला सुरक्षित पर्याय आहेत. ‘बाप कारवान आहे’ एवढे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी. दीड वर्ष हे वय नसबंदीस योग्य आहे.

जुळे सोलापूरकर

डॉक्टरसाहेब, आभार. उन्हाळ्यात तो दुपारी अन्नाला तोंड लावत नाही, हे विचारायचे राहिले. गोचिडींचे काय करावे?

पशुवैद्यक

पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भूक मंदावणे स्वाभाविक आहे. जेवण पहाटे आणि रात्री द्यावे, फिरवणेही त्याच वेळी. डांबरी रस्त्यावर आपला हात काही क्षण टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही भाजतील. घाम फक्त तळव्यांना येत असल्यामुळे धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड ठेवण्याचा मुख्य उपाय असतो. लाळ घट्ट होऊन तो झोकांड्या देऊ लागला, तर अंग साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली घ्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत, पायरीखाली आणि खाटेच्या सांध्यांत काढते. रक्त पिऊन टच्च झालेली मादी खाली उतरून तिथे हजारो अंडी घालते. म्हणून नुसते अंगाला औषध लावून भागत नाही. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि फवारणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी. फवारा सुकेपर्यंत कुत्र्याला बाहेर ठेवावे. पावसाळ्यानंतर ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी यांपैकी काहीही दिसल्यास तो गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासावे. बारीक अंगाचा कुत्रा अशक्त झाला, तरी ‘हा मूळचाच असा’ म्हणून घरचे गाफील राहतात. तेव्हा दर महिन्याला वजन करून ते लिहून ठेवावे.