मदत हवी आहे: क्रूझच्या बिलातले 'टॅक्सेस, फीज अँड पोर्ट एक्स्पेन्सेस' म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सात रात्रींची क्रूझ, पुण्यातल्या एजंटामार्फत. थांबे मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स आणि तुर्कस्तानातलं कुशादासी. एका केबिनमध्ये दोन मोठे, दोन मुलं. जाहिरातीत 'तिसरा-चौथा प्रवासी फुकट' असं आहे, तरी बिलात मुलांच्या नावापुढेही ही रक्कम लावली आहे. शिवाय जीएसटी आणि टीसीएस (एजंट बिलासोबतच वसूल करतो तो आगाऊ आयकर) वेगळे. हे पैसे जातात कुणाला? जुलैऐवजी ऑक्टोबरमध्ये गेलं तर कमी होतील का? रद्द केलं तर काय परत मिळेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

दर्यावर्दी:
फुकट असतं ते भाडं. बंदर डोकी मोजतं, म्हणून मुलांच्या नावावरही ही रक्कम येते.

या एका ओळीत दोन जातींचे खर्च एकत्र केलेले असतात. पहिला माणशी लागणारा कर. दुसरा अख्ख्या जहाजाला लागणारा: धक्क्याचं भाडं, जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची फी, जहाज ओढणारी टगबोट. हा जहाजाच्या आकारावर ठरतो आणि मग प्रवाशांवर वाटला जातो. त्यामुळे प्रत्येक बंदराचा वेगळा आकडा मागितलात तरी सहसा मिळत नाही.

माणशी कराचं मात्र गणित मांडता येतं. ग्रीसने जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर कर लावला आहे. जून ते सप्टेंबर सँटोरिनी आणि मिकोनोसला प्रत्येकी 20 युरो, इतर बंदरांत 5. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये 12 आणि 3. नोव्हेंबर ते मार्च 4 आणि 1. म्हणजे तुमच्या तीन ग्रीक बेटांचे मोठ्या माणसामागे जुलैत 45 युरो, ऑक्टोबरमध्ये 27. हा कर तिकिटातच धरलाय की जहाजावरच्या खात्यात (तिथला तुमचा खर्च मांडतात ते) लावणार, ते एजंटाकडून ईमेलवर लिहून घ्या. आणखी एक: पूर्ण पैसे भरल्यावरही सरकारी कर वाढला तर फरक वसूल करायचं कलम बहुतेक करारांत असतं.

हिशोबनीस:
रद्द करण्याबद्दल. दंड भाड्यावर लागतो. निघायची तारीख जवळ आली की तो 100 टक्क्यांपर्यंत जातो, पण कर आणि बंदर शुल्क बहुतेक मोठ्या कंपन्या तेव्हाही परत देतात, कारण प्रवासी गेलाच नाही तर त्याचा माणशी कर भरावा लागत नाही. लोक इथेच पैसे सोडून देतात. 'सगळं बुडालं' हे उत्तर मान्य करू नका, या ओळीचा परतावा लेखी मागा.

त्यासाठी एजंटाच्या पावतीवर विसंबू नका. क्रूझ कंपनीचं मूळ बुकिंग कन्फर्मेशन मागवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. एजंटाची सेवा फी किंवा डॉलरचा चढा दर 'टॅक्सेस'मध्ये मिसळला असेल तर तिथेच उघडा पडतो. टिप्स म्हणजे ग्रॅच्युइटीही तपासा. ती माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर, बहुतेक ठिकाणी मुलांनाही लागते, आणि ती कर नव्हे.

जीएसटी आणि टीसीएस आपल्याकडचे, बंदराशी संबंध नाही. जीएसटी हा खर्चच. टीसीएस आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण ज्याचा पॅन दिलाय त्यालाच. चौघांचं बिल एका नावावर असेल तर रिटर्न भरणाऱ्याचाच पॅन द्या आणि नंतर आयकर पोर्टलवर नोंद दिसते का बघा.

दर्यावर्दी:
सँटोरिनीचं राहिलंच. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, समोर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी कड्यावरच्या 'फिरा' गावाच्या पायथ्याशी सोडतात. वर जायची केबल कार वेगळ्या तिकिटाची, ती या शुल्कात नसते. वारा जोराचा असला तर थांबाच रद्द होतो. मग त्या बंदराचं वाचलेलं शुल्क जहाजावरच्या खात्यात जमा होतं. शेवटच्या रात्री खात्याची प्रत काढून ती नोंद शोधा. नसेल तर उतरण्याआधीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर विचारा.