सहा जणांच्या मित्रमंडळाने घरी कोणते खेळ खेळावेत?

अबोली_ठाणे

नमस्कार. आम्ही महाविद्यालयापासूनचे सहा मित्रमैत्रिणी महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो. जेवण आणि गप्पा झाल्या की हळूहळू प्रत्येक जण मोबाइलमध्ये डोके घालतो, आणि इतक्या लांबून येऊन असे बसणे मला मनापासून खटकते. गाण्याच्या भेंड्या आम्ही पुष्कळदा खेळतो. परंतु आमच्यातील एका मैत्रिणीचे बालपण धारवाडला गेले असल्यामुळे तिला मराठी उत्तम बोलता येत असले तरी जुनी गाणी ठाऊक नाहीत, आणि ती बिचारी टाळ्या वाजवत बसते. एका मित्राचा गुडघा दुखावलेला आहे, त्यामुळे धावपळीचे किंवा जमिनीवर मांडी घालून खेळायचे खेळही नकोत. आमची संख्याही अडचणीची आहे, कारण बहुतेक चांगले खेळ एक तर चौघांचे असतात, नाही तर दहा-बारा जणांचे. सहाही जण सतत गुंतून राहतील आणि फारसे साहित्य लागणार नाही असे खेळ कृपया नियमांसह सुचवावेत.

इस्पिक_एक्का

आपल्या वर्णनावरून मी नि:शंकपणे 'जजमेंट' हा पत्त्यांचा डाव सुचवेन. काही घरांत यालाच काचूफूल म्हणतात. यात जोड्या नसतात, कोणी बाद होत नाही आणि एकच कॅट पुरतो. सहा जणांना आठ-आठ पाने वाटली की चार पाने उरतात. ती पालथी ठेवावीत. पाने पाहून प्रत्येकाने आपण नेमके किती हात करू याची बोली आधीच सांगायची आणि ती एकाने कागदावर लिहून घ्यायची. पहिल्या डावाला इस्पिक हुकूम, पुढे अनुक्रमे चौकट, किलवर आणि बदाम, आणि पुन्हा इस्पिक. आलेल्या उतारीचे, म्हणजे हातातील पहिल्या पानाच्या रंगाचे, पान आपल्याकडे असेल तर तेच टाकले पाहिजे, नसेल तर हुकमाने कापावे किंवा दुसरे कोणतेही पान टाकावे. बोलीइतकेच हात झाले तर दहा अधिक बोलीचा आकडा एवढे गुण मिळतात. एक हात कमी झाला किंवा जास्त झाला तरी शून्य. दुसऱ्या डावात सात पाने वाटायची, तिसऱ्यात सहा, असे करत एका पानापर्यंत उतरायचे.

या खेळाचा खरा कस पाने वाटणाऱ्याच्या बोलीत आहे. तो सर्वांत शेवटी बोलतो, आणि सगळ्यांच्या बोलींची बेरीज वाटलेल्या पानांइतकी होईल असा आकडा त्याला घेता येत नाही. म्हणजे प्रत्येक डावात किमान एकाची बोली चुकणार हे आधीच ठरलेले असते, आणि ती आपली नसावी यासाठी सहाही जण शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांत तेल घालून बसतात. ज्याला वाईट पाने आली त्याने शून्याची बोली करून ती पाळली तरी दहा गुण मिळतात, त्यामुळे नशिबाला दोष देत कोणी रुसून बसत नाही. नवख्या माणसाला समजायला एक डाव पुरतो.

जोड्यांचाच खेळ हवा असेल तर तिघे विरुद्ध तिघे असा मेंढीकोट खेळता येतो. एकाआड एक भिडू बसवावेत आणि चारही दुर्र्या काढून टाकाव्यात, म्हणजे अठ्ठेचाळीस पाने उरतात आणि प्रत्येकाला आठ येतात. मात्र एकूण हातही आठच होतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन मेंढ्या (म्हणजे दहाची पाने) आणि चार-चार हात झाले तर डाव कोणाचा, हे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, नाही तर वाद होतात.

रानजाई

आपल्या धारवाडच्या मैत्रिणीचा विचार करता 'नाव, गाव, फळ, फूल' या शाळेतल्या खेळाकडे पुन्हा एकदा पाहावे असे मी सुचवते. एकाने मनातल्या मनात बाराखडीतील अक्षरे म्हणत जायची, दुसऱ्याने थांबवायचे, आणि जे अक्षर येईल त्यावरून सर्वांनी एकाच वेळी लिहायचे. इतर कोणाशी न जुळणाऱ्या उत्तराला दहा गुण, जुळणाऱ्याला पाच. सगळे जण एकाच क्षणी लिहीत असल्याने कोणालाही वाट पाहावी लागत नाही, आणि सहा कागद व सहा पेन्सिली यांपलीकडे काही लागतही नाही.

मोठ्यांसाठी या खेळात गंमत आणायची असेल तर रकाने बदलावेत. आम्ही फुलाच्या जागी नदी, प्राण्याच्या जागी किल्ला आणि शेवटी एक खाद्यपदार्थ घेतो. 'र' आला की जवळजवळ प्रत्येक जण रायगड लिहितो आणि पाच गुणांवर समाधान मानतो. ज्याला त्या घाईत रोहिडा, राजमाची किंवा रतनगड आठवतो तो दहा घेऊन जातो. इथे पाठांतरापेक्षा 'इतर पाच जण काय लिहितील' हा अंदाज महत्त्वाचा ठरतो, आणि तो अंदाज तुमच्या जुन्या मैत्रीतूनच येतो. अक्षर हा ध्वनी मानावा आणि कोणत्याही लिपीत लिहिण्यास मोकळीक द्यावी. 'क' वर तुम्ही पाच जण कृष्णा आणि कोयना यांत अडकलेले असताना तुमची मैत्रीण काळी नदी लिहून सहज दहा गुण घेईल, कारण ती नदी धारवाडशेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातून वाहते. भेंड्यांमध्ये जे तिचे उणे होते, तेच या खेळात तिचे बळ होईल. 'ण' आणि 'ळ' ही अक्षरे अर्थातच वगळावीत. 'ठ', 'ढ' आणि 'झ' मात्र मुद्दाम ठेवावीत, कारण खरी धांदल तिथेच उडते.

मावळतीचा_वारा

'माफिया' खेळून पाहा. साहित्य काहीच लागत नाही आणि तासन् तास रंगतो.

चिठ्ठीबहाद्दर

माफिया हा अतिशय सुंदर खेळ आहे यात वाद नाही. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तो 1986 मध्ये तयार केला, आणि ज्यांना सत्य ठाऊक आहे असे थोडे विरुद्ध ज्यांना काहीच ठाऊक नाही असे पुष्कळ, ही त्याची कल्पना आजही तितकीच ताजी वाटते. परंतु सहा जणांत तो जमत नाही, आणि का जमत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. एक जण सूत्रधार झाला की खेळणारे पाच उरतात आणि त्यांत माफिया एकच ठेवावा लागतो. पहिल्या रात्री, म्हणजे सर्वांनी डोळे मिटलेले असताना, माफियाने गुपचूप निवडलेला एक भिडू एक शब्दही न बोलता बाद होतो. उरलेल्या चौघांनी मतदानात चुकीच्या माणसाला काढले तर तिघे उरतात, पुढच्या रात्री दोघे, आणि खेळ संपतो. म्हणजे गावकऱ्यांना, अर्थात माफिया नसलेल्यांना, प्रत्यक्षात एकच संधी मिळते. पंधरा जणांत दोघे बाद झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सहा जणांत दोघे बाद झाले तर मैफलीचा तिसरा हिस्सा बाजूला बसतो, आणि त्यांचा हात आपोआप मोबाइलकडे जातो.

तोच संशयाचा आनंद कोणालाही बाद न करता मिळतो. एका पाकिटात सहा चिठ्ठ्या ठेवाव्यात. पाचांवर एकाच ठिकाणाचे नाव, उदाहरणार्थ दादर स्थानक, आणि सहावी कोरी. प्रत्येकाने एक चिठ्ठी घेऊन गुपचूप वाचायची. मग आळीपाळीने एकमेकांना प्रश्न विचारायचे: 'तिथे तुम्ही शेवटचे कधी गेला होता?', 'तिथे चप्पल काढावी लागते का?' ज्याच्याकडे कोरी चिठ्ठी आहे त्याने आपल्याला ठिकाण ठाऊक असल्याची बतावणी करत ते ओळखायचे, आणि इतरांनी त्याला ओळखायचे. उत्तर फार स्पष्ट दिले तर कोऱ्या चिठ्ठीवाल्याला ठिकाण कळते, फार मोघम दिले तर संशय आपल्यावरच येतो. सूत्रधाराचीही गरज पडत नाही. यजमानाने आधीच दहा-बारा पाकिटे भरून ती मिसळून ठेवावीत, आणि सर्व ठिकाणांची यादी टेबलावर उघडी ठेवावी, म्हणजे पाकिटे भरणाऱ्याला वेगळा फायदा मिळत नाही व तोही निर्धास्तपणे खेळू शकतो.

सोंगटी

सर्वांनी सतत गुंतलेलेच असावे हा आग्रह मला तितकासा पटत नाही. आमच्याकडे टेबलावर कॅरम मांडतात. चौघे खेळतात आणि दोघे चहा करतात, हरलेली जोडी उठते आणि बाहेरची बसते. बाहेर बसलेल्या दोघांच्या ज्या निवांत गप्पा होतात त्या सहा जणांत एरवी कधीच होत नाहीत. मात्र पंचवीस गुणांपर्यंतचा पूर्ण गेम खेळू नये. एकच बोर्ड खेळून जोडी बदलावी, म्हणजे बाहेरच्यांना ताटकळत बसावे लागत नाही. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यास उंच खुर्ची दिली की नेमही नीट साधता येतो.

अबोली_ठाणे

सर्वांचे मन:पूर्वक आभार. पाकिटे मी आजच भरायला घेते, आणि रकान्यांत किल्ला नक्की ठेवीन. कॅरमबद्दलचे म्हणणेही पटले. जेवणाआधीच्या वेळासाठी ते योग्य होईल. एक शंका मात्र आहे. आमच्यातील एक जण रुग्णालयात नोकरीला असल्यामुळे कधी कधी ऐनवेळी येऊ शकत नाही. पाचच जण असताना जजमेंट कसे खेळावे?

इस्पिक_एक्का

पाच जणांत तो अधिकच चांगला होतो. दहा-दहा पाने वाटावीत, दोन उरतील, आणि दहापासून एकापर्यंत उतरावे. पालथी पाने चाराऐवजी दोनच असल्याने कोणते पान कोणाकडे आहे याचा हिशेब अधिक नेमका करता येतो, आणि बोल्या धाडसी होतात. मेंढीकोट मात्र त्या दिवशी बाजूला ठेवावा, कारण पाच जणांचे दोन सारखे गट पडत नाहीत. उशिरा येणारा मित्र मध्येच आला तर चालू डाव संपेपर्यंत त्याला गुण लिहायला बसवावे आणि नंतर आठ पानांपासून नव्याने सुरुवात करावी. जुने गुण पुढे ओढू नयेत, कारण त्याच्यावर ते अन्यायाचे होईल.