टेनबीत बीच सोडून आहे काय?

वेल्समधल्या टेनबी या समुद्रकाठच्या गावात बीच सोडून आहे काय, असं कुणीतरी विचारलेलं वाचून राहवलं नाही. अहो, गणितातलं = हे चिन्ह ज्याने १५५७ मध्ये पहिल्यांदा छापलं तो रॉबर्ट रेकॉर्ड इथलाच! गावाच्या वेल्श नावाचा अर्थच 'माशांचा छोटा किल्ला', जुनी तटबंदी अजून बरीचशी उभी आहे, तिच्यातलं फाइव्ह आर्चेस हे कमानींचं जुनं प्रवेशद्वार बघाच. पुढे गावाला उतरती कळा लागली, मग १८०० नंतर विल्यम पॅक्स्टनने, हा आधी कलकत्त्याच्या टांकसाळीचा प्रमुख, म्हणजे पैसा आपल्याकडचाच म्हणा ना, इथे समुद्रस्नानगृह बांधलं आणि गाव परत चालायला लागलं. सेंट कॅथरिन बेटापर्यंत ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, फक्त भरतीची वेळ बघून ठेवा. आणि जवळच्या कॅल्डी बेटाच्या मठातलं चॉकलेट, आणलंत तर आम्हालाही!