'रक्त पातळ करायची गोळी' आणि 'आतली सूज': बरोबर शब्द कोणते?

मंजू_ता: बाबांची अँजिओप्लास्टी झाली, आता ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रोसुव्हास्टॅटिन चालूये. घरात पहिल्या दोन्हींना 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतात. त्यात डॉक्टर म्हणाले रक्तवाहिनीला आतून सूज असते, तर बाबा रोज पायाचे घोटे दाबून बघतायत 😅 नेमकं काय म्हणायचं?

लॅबवाला: पातळबितळ काही होत नाही हो. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं (म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींमधलं) एक एन्झाइम कायमचं बंद पाडतं, मग थ्रॉम्बॉक्सेन (प्लेटलेटना चिकटायला लावणारं रसायन) बनत नाही आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत, आणि प्लेटलेटला केंद्रकच नसल्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, ७ ते १० दिवस जगते तेवढे दिवस तशीच राहते. क्लोपिडोग्रेल दुसरीकडून अडवतं, प्लेटलेटवरच्या पी२वाय१२ रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या जागेवर). वॉरफरीन तर तिसरंच, ते के जीवनसत्त्वाच्या (व्हिटॅमिन K) वाटेनं गुठळीचे घटक कमी करतं. तिघांना एकच नाव, म्हणून घोळ. मी पेशंटला 'गुठळी होऊ न देणारी' सांगतो, कळतं लगेच.

शब्दवेडा: सुजेसाठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असतं, आयुर्वेदवाले 'शोथ' म्हणतात. इथे नुसतं 'दाह' पुरे, पण लोकांना ॲसिडिटी वाटते त्याचं काय करायचं 🙄

लॅबवाला: 'रक्तवाहिनीतला दाह' म्हणा ना, मग छातीतली जळजळ कोणी नाही समजणार. आणि हा दाह न् गुठळी वेगळ्या भानगडी नाहीत. चवताळलेली प्लेटलेट अंगावर पी-सिलेक्टिन नावाचं चिकटवणारं प्रथिन काढते, त्याला पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात, त्या अजून दाह वाढवतात. गाउटची (सांधे सुजण्याच्या एका आजाराची) जुनी गोळी कॉल्चिसिन (आपल्या कळलावीच्या कंदात तेच विष असतं, घरी प्रयोग नकोत) प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचे हे गुच्छ कमी करते असं दिसलंय. २०१९ च्या कॉलकॉट चाचणीत हार्ट अटॅकनंतर रोज ०.५ मिग्रॅ दिल्यावर फायदा दिसला, २०२४ ला त्याहून मोठ्या चाचणीत दिसला नाही, त्यामुळे वाद चालूच आहे. स्टॅटिन (बाबांचं रोसुव्हास्टॅटिन त्यातलंच) मात्र कोलेस्टेरॉलसोबत सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) पण उतरवतं.

मंजू_ता: म्हणजे 'ब्लड थिनर' बोलायचंच नाही का? दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

लॅबवाला: तिथे बिनधास्त बोला, त्यांना तेच समजतं. फक्त गोळ्यांची नावं दाखवा, आणि दात काढायचाय म्हणून स्टेंटवाल्यानं (रक्तवाहिनीत जाळी बसवलेल्यानं) स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन.